काम तर नीट चाललंय ना?

सर्जरीच्या पहिल्या वर्षाला माझ्या कामाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पहाटे ड्रेसिंग्ज, मग राऊंड, ओटी, दुपारी सोनोग्राफीसाठी पेशंटची ट्रॉली, रात्री कॅज्युअल्टी. टाके सुबक, नोट्स पूर्ण. त्यामुळेच मला काही झालंय हे माझ्यासकट कुणाला कळलं नाही. नैराश्य आधी माझ्या जेवणात, झोपेत, बोलण्यात उतरलं, आणि तिकडे आमच्यात कोण बघतो?

त्याच सुमारास सरांनी मला हर्नियाची एक केस पूर्ण करायला दिली. पहिल्या वर्षात अख्खी केस मिळणं म्हणजे काय, हे सर्जरीवाल्यांना सांगायला नको. सिनिअर्सनी पेढे मागितले. मला मात्र आनंद झाला नाही, केसच्या वेळी भीतीही वाटली नव्हती. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपूनही तेच. नुसता थकवा विश्रांतीने थोडा तरी उतरतो. दोन आठवडे उलटले तरी कशातच गोडी वाटत नसेल, वेळ मिळूनही झोप लागत नसेल, सगळा दोष आपलाच वाटत असेल, तर तपासून घ्या. काम चाललंय ही सबब पुरेशी नाही.

माझं बिनसलंय हे ओळखलं ते भूल विभागातल्या मैत्रिणीनं. “तू हल्ली भांडत नाहीस गं,” ती म्हणाली, “लिस्टवरूनसुद्धा.” सर्जन आणि भूलतज्ज्ञ ऑपरेशनच्या लिस्टवरून भांडत नाहीत म्हणजे एकजण नक्की आजारी आहे! तिनंच मला बाहेरच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. स्वतःच्या कॉलेजातच जावं असं नाही, आणि लांबचं गाठणं सोपं वाटत असेल तर खुशाल तिकडे जा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं गोपनीयतेचा हक्क दिला आहे. कॉरिडॉरमधल्या कुजबुजीला मात्र कायदा लागू होत नाही. वॉर्डात कुणी झोपेच्या गोळीची पट्टी पुढे केली तर घेऊ नका. स्वतःच स्वतःला औषध लिहून देण्याची खोड आम्हा डॉक्टरांना फार. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून त्या मनानं बंद करायच्या नसतात.

माझ्या डॉक्टरांनी सलग रात्रपाळ्या टाळायला सांगितलं. ते सरांना सांगताना “सर्जरी तुझ्यासाठी नाही” हे वाक्य ऐकायची मी तयारी ठेवली होती. ते आलं नाही, ड्यूट्या बदलून मिळाल्या. सगळ्यांचं नशीब असं नसतं, हे मला माहीत आहे. म्हणून जाताना तज्ज्ञांची चिठ्ठी घ्या, विश्वासातला एखादा लेक्चरर सोबत न्या, आणि मार्ड या रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेच्या प्रतिनिधीच्या कानावरही घालून ठेवा.

सगळं रेसिडेंटच्या सहनशक्तीवर ढकलणंही मला मान्य नाही. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला ४८ तास लिहिले होते. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलानं ७४ तासांची मर्यादा आणि आठवड्याची सुट्टी सुचवली. त्यांच्याच पाहणीत सुमारे ३१ टक्के पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं. रात्रभराच्या इमर्जन्सीनंतर ताणमुक्तीवर व्याख्यान ठेवलं तर आम्ही तिथे झोपतो, तेवढाच त्याचा उपयोग. युनिटप्रमुखांनी त्यापेक्षा रोस्टर बघावं. पेशंटसमोर ओरडणं आणि शिक्षा म्हणून केस काढून घेणं थांबवावं. याला शिस्त म्हणतात, पण यातून कुणी चांगला सर्जन झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

मरणाचे विचार येत असतील तर सकाळच्या राऊंडची वाट बघू नका. होस्टेलच्या खोलीत एकटं राहू नका. शेजारच्या खोलीचं दार वाजवा, कॅज्युअल्टीत जा, १४४१६ वर टेली-मानसला फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं. आणि अशा वेळी कुणी तुमचं दार वाजवलं, तर उपदेश न करता सोबत बसा आणि डॉक्टरांपर्यंत पोचवा.

आईवडिलांना एवढंच सांगेन. लेकराला फोनवर “जेवलास का” विचारता, तसं “शेवटचं कधी झोपलास” हेही विचारा. उत्तर टाळलं, किंवा “सीट सोडू का” असं विचारलं, तर सीट सोडल्याच्या दंडाची रक्कम आणि नातेवाईक काय म्हणतील याचा हिशेब नंतर करा. आधी मिळेल त्या एसटीनं या.