रिक्लायनर आणि घरातले मांजर
पहिले शील पाळायचे तर मनात करुणा हवी, तशी वागण्यात सावधताही हवी. रिक्लायनर खुर्चीखालची अंधारी, उबदार जागा मांजराला लपायला आवडते. पाय ठेवण्याचा भाग मिटताना खालच्या लोखंडी पट्ट्या कात्रीसारख्या बंद होतात आणि मांजर त्यांत चिरडू शकते. म्हणून आधी वाकून पाहा. मांजर दुसरीकडे दिसल्यावरच खुर्ची मिटवा. ती विजेवरची असेल, तर वापर नसताना प्लग काढून ठेवा.
मांजर अडकलेच तर ओढू नका, खुर्ची हळूहळू उलट दिशेने फिरवा. जखम दिसली नाही तरी आत मार असू शकतो, पशुवैद्यकाकडे न्या. पॅरासिटामॉल मांजराला विषारी आहे, ते देऊ नका. घाबरून ते चावले, तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी लगेच दवाखाना गाठा.