आधी कामाचा पत्ता, मग घराचा
अमिरातीत निघालेल्या कुटुंबांसाठी शहर निवडीचा हिशेब

बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यानं उचगाव फाटा सोडून पुढे गेलं की तुरमुरी, बाची आणि मग शिनोळी. रस्ता तोच, बोली तीच, पण बाची मागं पडली की राज्य बदलतं आणि त्याबरोबर कर, कचेऱ्या, गाड्यांचे नंबर बदलतात. हद्दीच्या कुठल्या बाजूला काय परवडतं, हे उचगावच्या माणसाला शिकवावं लागत नाही. संयुक्त अरब अमिरातीत राहायचं शहर ठरवताना नेमकं हेच शहाणपण उपयोगी पडतं. तिथं दुबई आणि शारजाच्या हद्दीवर अल नहदा नावाची वस्ती दोन्हीकडे आहे. मध्ये एक रस्ता, पण अलीकडचं आणि पलीकडचं घरभाडं, नियम आणि वीजबिल वेगळं.

मध्यंतरी ओळखीच्या एका घरी ऑफर लेटर वाचायला बोलावलं होतं. मुलगा सीएनसी ऑपरेटर, बेळगावच्या उद्यमबागेत हात तयार झालेला. आई, वडील, बायको सगळ्यांची बोटं पगाराच्या आकड्यावर. खालच्या ओळीत कामाचं ठिकाण लिहिलं होतं: जबल अली, म्हणजे दुबईचं शारजापासून दूरचं टोक. ती ओळ कुणी वाचलीच नव्हती. राहायचं मात्र ठरून गेलं होतं, शारजात, कारण ‘तिथं स्वस्त असतं’.

चार शहरं, चार हिशेब

पुढचे भाड्याचे आकडे साध्या वस्तीतल्या एका बेडरूमच्या घराचे, वर्षाचे आणि ढोबळ आहेत. एक दिरहम 24 रुपये धरला आहे.

*दुबई:* 55,000 ते 80,000 दिरहम. सगळ्यात महाग, पण 2009 पासून मेट्रो आहे आणि तिच्यात बायका-मुलांसाठी वेगळा डबा असतो. मेट्रोजवळ राहिलात तर गाडीची गरज पडत नाही. सर्व झोनचा मासिक पास 350 दिरहमचा. वार्षिक भाड्याच्या 5 टक्के गृहशुल्क वीज-पाण्याच्या बिलातून महिन्या-महिन्याला कापलं जातं. नवखे लोक ते हिशेबात धरत नाहीत.

*शारजा:* 30,000 ते 45,000. मोठा भारतीय शेजार, भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा. मेट्रो नाही. कामाच्या वेळी दुबईकडे जाणारा रस्ता तुंबलेला असतो.

*अजमान:* 25,000 ते 40,000. शारजाच्याही पलीकडे. काम अजमान किंवा शारजातच असेल तर उत्तम. दुबईत काम असेल तर प्रवास आणखी लांबतो.

*अबू धाबी:* मुसाफा आणि मोहम्मद बिन झायेद सिटीच्या बाजूला 40,000 ते 60,000. दुबईपासून अंतर साधारण 140 किलोमीटर. मुसाफाच्या कारखान्यात नोकरी असेल तर तिथंच राहावं, दुबईचा विचारही करू नये.

एकाच घराची दोन उत्तरं

समजा, शारजात 36,000 चं घर मिळतंय आणि दुबईत कामाजवळ 60,000 चं. फरक महिन्याला 2,000. दुबईचं गृहशुल्क महिना 250 मिळवा. म्हणजे शारजात 2,250 दिरहम वाचतात.

काम दुबईतल्या कुसैसला असेल, तर शारजाची हद्द हाकेच्या अंतरावर. बसचे एका फेरीला जास्तीत जास्त 12 दिरहम धरले, तर 24 दिवसांचे 576 होतात. हातात 1,674 दिरहम उरले, म्हणजे 40,000 रुपये. शारजा घ्या, शंका नको.

आता तेच काम जबल अलीला असू द्या. जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या वर. गाडी लागणारच. पेट्रोल महिना 500. दुबईत सालिक नावाचा टोल आहे. जानेवारी 2025 च्या अखेरीपासून सकाळी 6 ते 10 आणि संध्याकाळी 4 ते 8 या वेळात प्रत्येक गेटला 6 दिरहम लागतात. जाताना तीन आणि येताना तीन गेटं लागली तर दिवसाला 36, महिन्याला 864. उरले 886. त्यातून गाडीचा हप्ता, विमा आणि दुरुस्ती भागवायची. शिवाय रोजचे तीन तास रस्त्यावर, म्हणजे महिन्याचे 72. मूल उठायच्या आधी बाप घराबाहेर आणि परत येतो तेव्हा मूल झोपलेलं. हप्ता धरला की शिल्लक जवळजवळ शून्य. इथं दुबईचं महाग घरच स्वस्त पडतं.

पहिल्या पगाराआधी किती पैसे हवेत?

भाडं महिन्याला रोख द्यायची पद्धत तिथं कमी. वर्षाचं भाडं पुढच्या तारखांच्या चेकनं देतात, एक, दोन, चार किंवा जास्त. चेक जितके जास्त, तितकं भाडं थोडं चढं. दुबईत 60,000 चं घर चार चेकवर घेतलं तर साधारण असं बसतं:

– पहिला चेक: 15,000
– अनामत 5 टक्के: 3,000
– दलाली 5 टक्के: 3,000
– वीज-पाणी अनामत: 2,000
– भाडेकराराची ‘इजारी’ नोंद: सुमारे 220

एकूण 23,220 दिरहम, म्हणजे साडेपाच लाख रुपयांच्या वर. यातले अनामतीचे 5,000 घर सोडताना परत मिळू शकतात. फर्निचर, भांडी आणि शाळेची फी यात नाही. म्हणून सगळ्यांनी एकदम जाऊ नये. आधी कमावतं माणूस जाऊ दे, तीन-चार महिने काम आणि वस्ती बघू दे, मग बायको-मुलं. कुटुंबाचा व्हिसा काढायला महिना 4,000 दिरहम, किंवा 3,000 आणि राहायची सोय, इतकी कमाई कागदावर दाखवावी लागते.

एकट्यासाठी ‘बेडस्पेस’ हा स्वस्त मार्ग दिसतो. पण घरात बेकायदा पार्टिशन घालून माणसं कोंबली असतील तर तिथं पाऊल ठेवू नका. जून 2025 मध्ये दुबईत रिग्गा, सतवा, बरशा अशा भागांत यावर मोठी कारवाई झाली.

करार करण्याआधी विचारा

वातानुकूलनाचा खर्च भाड्यात आहे का? तिथं याला ‘चिलर फ्री’ म्हणतात. उन्हाळा इतका कडक, की 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्यानंच बंदी आहे. त्या महिन्यांत एसी रात्रंदिवस चालतो आणि बिल फुगतं.

भाडं कितीनं वाढू शकतं? दुबईत बाजारभावाशी तुलना करून शून्य ते 20 टक्के, अबू धाबीत वर्षाला जास्तीत जास्त 5 टक्के. शारजात पहिली तीन वर्षं घरमालकाला आपल्या मनानं भाडं वाढवता येत नाही. मुलांच्या शाळा तिथंच करायच्या असतील तर याला मोठं मोल आहे.

गाव सोडण्याआधीचा खर्च

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टला एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. तो सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून होतो आणि एजंट तिथं नोंदलेला आहे का, हेही तिथंच तपासता येतं. नोंदणीकृत एजंटाला कायद्यानं जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि जीएसटी, म्हणजे 35,400 घेता येतात, तेही पावती देऊन. अमिरातीच्या कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकानं करायचा असतो, तो कामगाराकडून वसूल करता येत नाही. कुणी दोन-अडीच लाख मागितले तर शेत गहाण टाकू नका, उठून या. प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांच्या 275 रुपये अधिक करात 10 लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. ते घ्याच.

ऑफर लेटर वाचायला गेलो होतो त्या घरी आम्ही शेवटी वहीच्या पानावर तीन ओळी लिहिल्या: कामाचा पूर्ण पत्ता, कंपनीची बस कुठून सुटते, राहायची सोय कंपनी किती महिने देते. मुलानं त्याच संध्याकाळी कंपनीला तेवढंच विचारलं. उत्तर आलं की बस दुबईतल्या अल कूझहून सुटते आणि पहिले सहा महिने राहायची जागा मिळेल. शारजाचं नाव तिथंच मागं पडलं. घर शोधायला सहा महिने मिळाले आणि आईनं बँकेतली ठेव मोडायची थांबवली.