संगणकाचा पंखा : आवाज कमी, खर्चही कमी

धंद्याच्या जागेतला संगणक दिवसाचे आठ-दहा तास चालतो. डी.टी.पी.चे काम असो, हिशेब लिहिण्याचे असो, झेरॉक्सचे दुकान असो वा ऑनलाईन अर्ज भरून देण्याचे केंद्र, काम करणारा माणूस दिवसभर त्याच्या शेजारीच बसलेला असतो. नवा असताना संगणकाचा आवाज जाणवत नाही. दोन उन्हाळे गेले की तो घरघरू लागतो. फोनवरचे गिऱ्हाईक नीट ऐकू येत नाही आणि संध्याकाळी डोके जड होते. मग मालक एक तर तो आवाज सोसत राहतो, नाही तर दुरुस्तीवाला सांगेल तो महागडा पंखा बसवून घेतो. बहुतेक वेळा या दोन्हींची गरज नसते. आवाज कशाने होतो एवढे समजून घेतले तर थोड्या पैशांत काम भागते.

आवाजाचे मूळ वेगात

पंख्याचा आवाज मुख्यतः त्याच्या वेगामुळे होतो. वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो. 10 डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण अर्धा वाटतो. मिनिटाला 1500 फेरे घेणारा पंखा 1200 वर आणला, तरी सुमारे 5 डेसिबलचा फरक पडतो. थोडी हवा सोडली की पुष्कळ शांतता मिळते, असा हा व्यवहार आहे.

दुसरी गोष्ट आकाराची. बाजारात 80, 92, 120 आणि 140 मिलिमीटरचे पंखे मिळतात. एकाच घडणीचे दोन पंखे घेतले तर 120 मिलिमीटरचा पंखा 800 फेऱ्यांत जेवढी हवा ढकलतो, तेवढ्यासाठी 80 मिलिमीटरच्या पंख्याला सुमारे 2700 फेरे घ्यावे लागतात. लहान पंखा किंचाळतो तो यामुळे. म्हणून कॅबिनेटमध्ये जागा असेल तर नेहमी मोठा पंखा घ्यावा व तो सावकाश चालवावा.

हवा किती लागते?

पंख्याच्या डब्यावर हवेचे माप सी.एफ.एम.मध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, असे दिलेले असते. त्याचा हिशेब सोपा आहे. संगणक जेवढे वॅट वीज खातो त्या आकड्याला 1.76 ने गुणावे व सी.एफ.एम.ने भागावे. खोलीतल्या हवेपेक्षा कॅबिनेटमधून बाहेर पडणारी हवा किती अंशांनी गरम असेल, ते कळते.

समजा दुकानातला साधा संगणक कामाच्या वेळी 100 वॅट घेतो व पंख्यातून प्रत्यक्षात 20 सी.एफ.एम. हवा जाते. 176 भागिले 20, म्हणजे सुमारे 9 अंश. जाळी व तारांमुळे डब्यावरच्या आकड्यापेक्षा हवा कमी मिळते. तरीही 120 मिलिमीटरच्या एका चांगल्या पंख्याला हे काम सावकाश फिरूनही जमते. चार-चार पंख्यांची आरास साध्या कामाला लागत नाही. वेगळे ग्राफिक कार्ड असलेल्या किंवा व्हिडिओचे काम करणाऱ्या संगणकाला मात्र जास्त हवा हवी. तिथेही एक पंखा जोरात पळवण्यापेक्षा दोन पंखे हळू चालवणे बरे, कारण सारख्या आवाजाचा दुसरा पंखा जोडला तर आवाज केवळ 3 डेसिबलने वाढतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्यावी. पंखा खोलीपेक्षा गार हवा देऊ शकत नाही. मे महिन्यात जळगावला किंवा नागपूरला खोलीतच 40 अंश असतील, तर आत 49 होणारच. त्याने घाबरून जाऊ नये. आजचे बहुतेक इंटेल प्रोसेसर 100 अंशांच्या आसपास पोचल्यावर स्वतःच वेग कमी करतात. कामाच्या भरात 70-75 अंश दिसले म्हणून नवा पंखा घेण्याचे कारण नाही.

आधी सफाई, मग खरेदी

संगणक नवा असताना शांत होता व आता ओरडतो, तर पहिला संशय धुळीवर घ्यावा. हीटसिंकच्या पट्ट्यांत धूळ बसली की उष्णता बाहेर पडत नाही, मग मदरबोर्ड पंख्याला अधिक जोराने पळवतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी यांसारख्या यंत्रमागाच्या गावांत हवेतले कापसाचे तंतू या पट्ट्यांवर नमद्यासारखे बसतात. कोकणात दमट हवेने धूळ चिकट होते.

संगणक बंद करून, वायर काढून, ब्लोअरने सफाई करावी. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने अडवून धरावी, कारण ब्लोअरच्या जोराने पंखा भलत्या वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग बिघडते. एस.एम.पी.एस.चा डबा उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्यात धोकादायक दाब साठून राहतो. बाहेरूनच हवा मारावी.

सफाईनंतरही आवाज असेल तर तो कुठून येतो ते शोधावे. कॅबिनेटचे एक दार काढून वर्तमानपत्राची सुरळी कानाला लावावी व दुसरे टोक, पात्यांना लागू न देता, एकेका पंख्याजवळ न्यावे. दोषी कोण ते लगेच कळते. कधी आवाज पंख्याचा नसून जुन्या हार्ड डिस्कचा निघतो. तसे असेल तर पंख्यावर पैसे घालू नयेत. आधी आपल्या फाइलींची दुसरी प्रत काढून ठेवावी.

खरेदी करताना काय पाहावे?

बेअरिंग : सर्वांत स्वस्त पंख्यात साधे बुश, म्हणजे स्लीव्ह बेअरिंग असते. ते सुरुवातीला शांत असते, पण आतले तेल सुकले की घरघर सुरू होते. आडव्या बसवलेल्या पंख्यात ते लवकर झिजते. बॉल बेअरिंग उष्णतेत टिकते, मात्र त्याचा बारीक आवाज पहिल्या दिवसापासून असतो. रायफल किंवा फ्लुइड डायनॅमिक बेअरिंगचा पंखा थोडा महाग पडतो, पण शांतता व टिकाऊपणा या दोन्हींचा मेळ त्यात बसतो. रोज दहा तास चालणाऱ्या संगणकाला तोच परवडतो.

जोडणी : पंख्याच्या टोकाला 3 किंवा 4 पिना असतात. चौथ्या पिनेतून मदरबोर्ड पंख्याचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करतो. यालाच पी.डब्ल्यू.एम. म्हणतात. 3 पिनांचा पंखाही 4 पिनांच्या जागी बसतो, पण त्याचा वेग व्होल्टेज बदलून आवरावा लागतो व ती सोय त्या मदरबोर्डात असावी लागते. थेट एस.एम.पी.एस.च्या मोठ्या चार तारांच्या जोडणीवर चालणारा स्वस्त पंखा मात्र सदैव पूर्ण वेगाने फिरतो. रंगीत दिव्यांचे पुष्कळ स्वस्त पंखे असेच असतात. दिवे पाहून पंखा घेऊ नये.

डब्यावरचे आकडे : डेसिबलचा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजते, म्हणून दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना फारशी उपयोगाची नाही. त्यापेक्षा सर्वांत कमी वेग किती ते पाहावे. 300 ते 500 फेऱ्यांपर्यंत उतरू शकणारा पंखा दुकानासाठी उत्तम.

किंमत : ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचे पंखे शांततेसाठी नावाजलेले आहेत, परंतु त्यांची किंमत साध्या पंख्याच्या कित्येक पट असते. आर्क्टिक, डीपकूल, कूलर मास्टर यांचे साधे, दिवे नसलेले, 4 पिनांचे पंखे पुष्कळ स्वस्तात मिळतात. सावकाश चालवल्यावर या दोन्हींतला फरक दुकानाच्या गजबजाटात कानाला क्वचितच कळतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर खरेदी असो वा तालुक्याच्या ठिकाणी, वॉरंटीचे बिल मागून घ्यावेच.

बसवताना व बसवल्यानंतर

जुन्या पंख्याचा आकार मोजूनच नवा आणावा. 120 मिलिमीटरच्या पंख्यात स्क्रूच्या दोन छिद्रांतले अंतर 105 मिलिमीटर असते. पुढून, खालच्या बाजूने हवा आत यावी व मागून, वरच्या बाजूने बाहेर जावी. पंख्याच्या ज्या बाजूला चौकटीचे आडवे हात व चिकटवलेले लेबल असते, त्या बाजूने सहसा हवा बाहेर पडते. स्क्रूऐवजी रबरी खुंट्या वापरल्या तर पत्र्याची थरथर थांबते. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंडू नये व भिंतीपासून निदान चार बोटे दूर ठेवावे.

शेवटी बायोसमध्ये जाऊन पंख्याचा वेग तापमानाशी जोडावा. साध्या कामाच्या वेळी वेग कमी व 60-65 अंशांनंतर हळूहळू वाढता असा ठेवावा. बायोसमधली ही सोय फुकट आहे, आणि कित्येकदा तेवढ्यानेच पंखा बदलण्याची गरज संपते.

संगणक दुरुस्तीचा धंदा करणाऱ्या तरुणांनीही हाच क्रम पाळावा : आधी सफाई, मग वेग, आणि त्यानंतर पंखा. सफाईत भागत असताना पंखा विकला तर एकदाच नफा होतो. गिऱ्हाईकाला खरे सांगून सफाईचे रास्त पैसे घेतले, तर ते दरवर्षी उन्हाळ्याच्या आधी परत येते आणि शेजारच्या दुकानदारालाही घेऊन येते.