एक पुश, दोन घरं

भाचेबुवा, गिटहब आणि गिटलॅब अशा दोन्हीकडे कोड ठेवायचं मनावर घेतलंस, हे फार चांगलं केलंस. गिटोरियस २०१५ मध्ये मिटलं, गुगल कोड २०१६ च्या जानेवारीत, आणि बिटबकेटनं २०२० मध्ये मर्क्युरियलचे रेपो बंद केले. तेव्हा एकाच दारावर विसंबू नये. पण एका दमात दोन्हीकडे पुश करायचं, तर काही सवयी आधीच लावून घे.

१. मुख्य रेपो कोणता आणि प्रत कोणती, हे आधी ठरव आणि प्रतीवर कुणाला काम करू देऊ नकोस – दोन्हीकडे वेगळ्या कमिट पडल्या की पुढचा पुश अडतो, आणि खरा इतिहास कोणता यावर वाद सुरू होतो.

२. दुसऱ्या रिमोटला स्वतःचं नाव दे आणि त्याच्यावर एकदा सुटा पुश करून बघ – चावी, परवानगी, पत्ता यांतली चूक एकट्यात लगेच सापडते. हे नाव पुढेही लागेल, काढून टाकू नकोस.

३. आता मुख्य गोष्ट, इथे घाई करू नकोस. 'गिट रिमोट सेट-यूआरएल --ॲड --पुश ओरिजिन' ही कमांड दोनदा द्यायची, एकदा जुना पत्ता घालून, एकदा नवा घालून – पुशसाठी वेगळा पत्ता लिहिलास की गिट पुश करताना मूळ पत्त्याकडे बघतच नाही. नुसता नवा घातलास, तर सगळा कोड नव्या घरी जातो आणि जुनं तसंच राहतं. नवा पाहुणा बसवताना जुन्याचा पाट उचलला नाही ना, ते बघावं.

४. मग 'गिट रिमोट -व्ही' देऊन ओरिजिनसमोर एक फेच आणि दोन पुश अशा तीन ओळी मोज – फेच एकाच पत्त्यावरून होतं, त्यामुळे प्रतीवर कुणी काही घातलं तर ओरिजिन तुला ते सांगणार नाही.

५. पुश झाल्यावर दोन्ही पत्त्यांचा निकाल वाच, तुला शेवटची ओळ पाहून टर्मिनल बंद करायची फार घाई असते – पत्ते एकामागून एक घेतले जातात, त्यात एक पोचून दुसरा अडकू शकतो. '--ॲटॉमिक' एकाच रेपोतल्या ब्रँचपुरतं असतं, ते दोन सर्व्हर बांधून ठेवत नाही. 'गिट स्टेटस'नं सगळं जुळलंय म्हटलं तरी 'गिट एलएस-रिमोट' देऊन दोन्हीकडचे हॅश ताडून बघ. त्यात दुसऱ्या रिमोटचं नाव घे – ओरिजिन म्हटलंस तर फेचच्याच पत्त्यावर चौकशी होते. धाडलं ते पोचलं नव्हे, पाहिलं ते पोचलं.

६. फोर्स पुश दोन्हीकडे एकदम कधीच नको, एकेका रिमोटचं नाव घेऊन कर आणि '--फोर्स-विथ-लीज' वापर – नाहीतर जी प्रत वाचवण्यासाठी ठेवली, तीच मुख्य रेपोबरोबर बिघडते. कामाच्या क्लोनमधून '--मिरर'ही नको, तुझ्याकडे नसलेल्या ब्रँच ते तिकडून पुसून टाकतं.

७. टॅग आपोआप जात नाहीत, '--फॉलो-टॅग्ज' लाव – तेही संदेशासह केलेल्या टॅगनाच नेतं.

८. पुशआधी डिफ वाच, टोकनची फाइल आत शिरलेली नाही ना ते बघ – गुपित आता दोन घरी फुटतं. गेलंच तर आधी टोकन रद्द कर, इतिहास नंतर साफ कर. गिटहबचीच आरएसए खासगी की २०२३ च्या मार्चमध्ये थोडा वेळ एका सार्वजनिक रेपोत उघडी पडली होती, तेव्हा त्यांनीही ती की सरळ बदलूनच टाकली.

९. इश्यू आणि पुल रिक्वेस्टवरच्या चर्चा पुशबरोबर जात नाहीत, त्या अधूनमधून वेगळ्या उतरवून घे – कोड का बदलला, हे बरेचदा तिथेच लिहिलेलं असतं.

१०. ही सगळी जोडणी तुझ्या मशीनवरच्या गिट कॉन्फिग फाइलमध्ये राहते, क्लोन करणाऱ्याला ती मिळत नाही – म्हणून नव्या लॅपटॉपवर पुन्हा करावी लागते. टीम मोठी असेल, तर मुख्य रेपोकडूनच प्रत जाईल असं मिररिंग लावलेलं बरं. तोवर सेट-यूआरएलच्या त्या दोन कमांडी रीडमीमध्ये आजच लिहून ठेव.