यंत्रमानवाचा आराखडा आणि विद्यार्थी गटाचे नियोजन

यंत्रमानव म्हणजेच रोबोट बनविणे हे आता केवळ शहरातील मुलांचे काम राहिलेले नाही. नीती आयोगाने २०१६ साली सुरू केलेल्या योजनेतून अनेक शाळांत सहावी ते बारावीसाठी अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या आहेत. साहित्य मिळते, मोटार फिरविणेही शिकता येते. परंतु आठ-दहा मुलांचे काम कसे आखावे, याकडे मात्र दुर्लक्ष होते.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय रोबोकॉन स्पर्धा २००२ पासून भरते. पुण्यात ती दोनदा झाली. २००८ साली तिचा विषय दहीहंडीवर बेतलेला होता. २०१४ साली बालेवाडीत विषय होता पालकत्व. ‘पालक’ यंत्र विद्यार्थ्याने चालवायचे, ‘बालक’ यंत्राने स्वतःहून हालचाल करायची. पालकाने बालकाला उचलून सी-सॉ, झोका अशा खेळांकडे न्यायचे. वेळ फक्त ३ मिनिटे! आता विचार करा, बालक जड झाले तर पालक त्याला उचलणार कसा? म्हणून वजन किती व पकड कोठे, हे दोन्ही गटांनी एकत्र बसून आधीच ठरविणे भाग होते. नियोजन म्हणतात ते हेच.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. साखर कारखाना तेलगावात असला तरी या परिसरातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी दूर जातात. आईवडिलांबरोबर मूलही जाते आणि त्याच्या हातातले काम अर्धवट राहते. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) वेळेची वाटणी : १५ जूनपासून १८ आठवडे धरावेत. नियम वाचून गरजा लिहिण्यास २, पुठ्ठ्याच्या नमुन्यांसाठी ४, बांधणीस ५, चाचणी व दुरुस्तीस ५ आणि २ आठवडे राखीव. म्हणजे टोळ्या निघण्यापूर्वी यंत्र एकदा तरी चालते.

२) निवडीची कसोटी : वजन, खर्च, सोपेपणा आणि गावात दुरुस्ती होईल का, यांना गुण देऊन कल्पना निवडावी. मोठ्याने बोलणाऱ्याची कल्पना म्हणून ती निवडू नये.

३) नोंदवही : आज काय केले, का केले, काय बिघडले, उद्या काय करायचे, हे तारखेसह रोज लिहावे. बँकेत कारकून रजेवर गेला तरी नोंदींवरून दुसरा काम पुढे नेतो, तसेच हे आहे.

४) दोन हात : प्रत्येक कामाला दोन विद्यार्थी असावेत. एकाने केलेली जोडणी दुसऱ्याने तपासावी. एक गावाला गेला तरी दुसरा काम सांभाळेल.

५) कामाची अदलाबदल : मुलींनी वही लिहायची, गरिबाच्या मुलाने सामान उचलायचे आणि एकानेच पेचकस धरायचा, असे होऊ नये. दर पंधरवड्याला कामे बदलावीत.

मार्चनंतर फडावरून परतलेल्या मुलाला वही वाचून दुसऱ्याच दिवशी कामाला लागता आले पाहिजे. ‘तू नव्हतास, आता बघत बस,’ असे त्याला ऐकावे लागले तर बक्षीस मिळूनही गट हरला असे समजावे. पालकांनी व शिक्षकांनी या वर्षी निदान नोंदवहीपासून तरी सुरुवात करावी.