गोव्याला निघालास? मग मामाचं ऐकून जा

भाच्या, दोस्तांसोबत गोव्याला चाललास अन् मांडवीतल्या कॅसिनो जहाजावर पोकर खेळणार, असं तुझी माय सांगत होती. पोळ्याच्या करीला यवतमाळात तीन पत्तीचे डाव पाहिले म्हणून पोकर येतं, असं समजू नको. कमी रकमेच्या टेबलावर तुझी गाठ पडेल ती प्रत्येक डावात बसणाऱ्यांशी. ही मंडळी कॉल करतात, रेज क्वचितच करतात, पॅक तर होतच नाहीत. त्यांच्यासाठी हे ध्यानात ठेव.

1. वय 21 झालेलं नसेल तर दोस्तांना जाऊ दे, तू समुद्र पाहा — त्याखालच्यांना कॅसिनोत खेळू देत नाहीत.

2. वाटेल ते पत्ते घेऊन बसणाऱ्यावर चिडू नको — गोवेकरांना 2020 पासून तिथं खेळायला मनाई आहे, म्हणजे शेजारचाही तुझ्यासारखा पाहुणाच. तो पत्ते बघायला आलाय, फेकायला नाही.

3. ब्लफ मारू नको — ज्याला पॅक होणं ठाऊक नाही, त्याला भीती दाखवता येत नाही. चौक्यांची जोडी घेऊनही तो शेवटपर्यंत बसेल.

4. पत्ते चांगले असले की साळसूदपणे चेक करत बसू नको, रक्कम लाव — तो स्वतःहून वाढवणार नाही, पण तू लावलेलं मुकाट्यानं भरेल.

5. एक्क्यांची जोडी आली तर पहिल्याच फेरीत रेज करून गर्दी कमी कर — एकाविरुद्ध ती शंभरात 85 वेळा जिंकते, चौघांविरुद्ध जेमतेम 56 वेळा.

6. हातात अन् टेबलावर मिळून चार बदाम झाले, पाचवा हवाय, तर कॉल करण्याआधी हिशेब कर — शेवटचा एकच पत्ता उरला असेल तर तो पाचातून एकदाच लागतो. पॉट 1000 चा, समोरच्यानं 500 लावले, तर तुझे 500 धरून 2000 होतात; म्हणजे चारातून एकदा लागला तरच बरोबरी. अर्थात, बदाम दिसल्यावरही समोरचा आणखी भरेल अशी खात्री असेल तर बस. असे भरणारे तिथं पुष्कळ.

7. दुरी-तिरीची लहान जोडी स्वस्तात बघायला मिळाली तर बघ, फ्लॉपला, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन पत्त्यांत, तिसरा जोडीदार नाही आला की सोड — तो आठातून एकदाच येतो.

8. तासभर नुसता कॉल करणारा शेवटच्या पत्त्यावर एकाएकी रेज करतो, तेव्हा आपली एक जोडी निमूट ठेवून दे — असा माणूस उगाच रेज करत नाही. 'मला पाहायचंच आहे' म्हणून सगळ्यात जास्त पैसे इथंच जातात, बाप्पा!

9. कोणाचा डाव चुकला तर शिकवू नको, हसू तर नकोच — टेबलावर गुरुजी झाला, त्याचा पॉट रिकामा गेला.

10. दोन-चार चिप्सच्या डावात उगाच पडू नको — कॅसिनो पॉटातून आपला रेक कापून घेतो. बारीक पॉट जिंकून त्याचंच पोट भरतं.

11. परतीचं भाडं अन् जेवणाचे पैसे दुसऱ्या खिशात ठेव, अन् घरी आल्यावर हा नाद फोनवर नको — पैशाचे ऑनलाइन खेळ 2025 च्या केंद्रीय कायद्यानं बंद केलेत.

अन् हरलास तर दोस्ताकडं उधार मागू नको, मायला तर सांगूच नको. मला फोन कर.