क्षणात जाणारा निरोप

पूर्वी कचेरीत निरोप धाडावयाचा, तर शिपाई चिठ्ठी घेऊन जाई. आज भ्रमणध्वनीवरून तोच निरोप एका क्षणात दहा जणांना पोहोचतो व अडलेले काम मार्गी लागते. परंतु हा वेग दुधारी आहे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या मंत्र्यांनी व अधिकाऱ्यांनी येमेनवरील हल्ल्याची खलबते ‘सिग्नल’वर केली. त्या गटात चुकून एका संपादकाचे नाव जोडले गेले होते! हल्ल्याची वेळ त्यास आधीच कळली. तीच प्रतिपक्षास कळती, तर वैमानिकांच्या जिवावर बेतले असते. यंत्राने निरोप गुप्तच ठेवला होता. चुकला तो माणूस. म्हणून मुलांनो, निरोप कोणाकडे जात आहे, हे आधी पाहावे.

अभ्यास : येथे वेगाला ‘दुधारी’ का म्हटले आहे?